पडवींतील शरद

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घटस्थापना होते. देवघरांत परडींत किंवा पत्रावळीवर चाळलेली माती पसरतात, तींत धान्य पेरतात आणि मधोमध मातीचा घट पाण्यानें भरून ठेवतात. नऊ दिवसांत त्या मातींतून दाट, कोंवळे, पिवळसर अंकुर वर येतात. दसऱ्याला ते देवाला वाहून घरांतील माणसें टोपींत अथवा केसांत खोवतात. हा विधि सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु भांड्यांत बाग करण्याचा पहिला धडा त्यांत सांठविलेला आहे, याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. घटाला झिलई नसते. त्याच्या अंगांतील सूक्ष्म छिद्रांतून पाणी अगदीं सावकाश पाझरतें. भोंवतालची माती नऊ दिवस ओलसर राहते, तिचा चिखल होत नाहीं. अंकुर पिवळे राहतात, कारण देवघरांत ऊन नसतें. पानांतील हिरवें द्रव्य उजेडावांचून तयार होत नाहीं. आणि ते नऊ दिवस वाढतात तेहि दाण्यांत सांठलेल्या शिदोरीवर. ती संपली म्हणजे वाढ खुंटते. पाणी बेताचें, मुळांना हवा मोकळी, उजेड पुरेसा आणि शिदोरी संपण्यापूर्वीं खत, एवढें ज्याला साधलें त्याची कुंडी फुलली म्हणून समजावें.

रायगड जिल्ह्यांत रोहे शहराला लागून वरसे हें गांव वसलेलें आहे. आश्विन लागला म्हणजे या बाजूचें रूप पालटतें. खाचरांतील भात पिवळें पडूं लागतें, कुंडलिकेचें गढूळ पाणी निवळतें, माळावर कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे डोलूं लागतात. पूर्वीं इकडील घराला ओटी असे, पडवी असे आणि पुढें सारवलेलें अंगण असे. शरदांतील सण त्या अंगणांत होत. आतां कौलारू घरांच्या शेजारीं मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. पडवीच्या जागीं गज लावलेली गॅलरी आली आणि अंगणाची जागा पुष्कळ घरीं दोनचार कुंड्यांपुरतीच उरली. सणांची मागणी मात्र कमी झालेली नाहीं. घटाला माती हवी, दसऱ्याच्या तोरणाला झेंडू हवा, दिवाळींत उंबरठ्याशीं रंग हवा, कार्तिकांत तुळस टवटवीत हवी. रोह्याचें ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं त्यांची पालखी पोलिसांची सशस्त्र मानवंदना घेऊन निघते, तेव्हां रस्त्यांवर रांगोळ्या पडतात आणि दारें सजतात. अशा वेळीं दाराशीं वाळक्या काटक्यांची कुंडी उभी असली तर ती घरच्या माणसांनाच खुपते. कुंडींतील बाग म्हणजे गेलेल्या अंगणाचा हातीं उरलेला अंश. तो जिवंत राहतो कीं नाहीं, हा प्रश्न हौसेपेक्षां मोठा आहे.

शरदांत दाराशीं रंगीत कुंड्या मांडण्याची चाल इंग्लंडांत आणि अमेरिकेंतहि आहे. तेथें शेवंती, पॅन्सी, शोभेची रंगीत कोबी अशा झाडांच्या कुंड्या पायऱ्यांवर ठेवतात. अमेरिकेंत त्यांच्या जोडीला नारिंगी भोपळे मांडतात. परंतु तो शरद निरोपाचा असतो. पुढें सर्व कांहीं गोठविणारी थंडी यावयाची, म्हणून तेथील गृहस्थ वाढलेलीं झाडें विकत आणतो, कुंडींत बसवितो आणि महिना-दीड महिना त्यांची शोभा पाहतो. कोंकणांतील शरद हा आरंभाचा ऋतु आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यांत पाऊस परततो, आकाश मोकळें होतें, आणि तेथून फाल्गुनापर्यंत फुलांचे दिवस असतात. विलायती पुस्तकांतील वेळापत्रक जसेंच्या तसें येथें उचललें कीं घोटाळा होतो. बियांच्या पुडीवर ‘वसंतांत पेरावें’ असें छापलेलें असतें. त्या आज्ञेनें चैत्रांत पेरलेलें रोप वैशाखाच्या उन्हांत होरपळतें, आणि त्यांतून वांचलेंच तर आषाढांत कुजतें. येथें शरदाचा रंग पाहिजे असेल तर त्याची तयारी भर पावसांत, छपराखालीं करावी लागते.

पावसांतील या तयारीचा पहिला शत्रु पाणीच होय. रायगड जिल्ह्यांत वर्षाकांठीं सुमारें ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यांतील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ३० सेंटिमीटर तोंडाची, म्हणजे फूटभर रुंद कुंडी उघड्यावर ठेवली, तर तेवढ्या तोंडावर २०० लिटरांहून अधिक पाणी पडतें. अशा कुंडींत माती मावते ती १३-१४ लिटर. आपल्या आकारमानाच्या पंधरा पटींहून अधिक पाणी ज्या मातींतून जातें, त्या मातींत खताचा अंश कितीसा राहणार? आणि पाणी पुरतें निघून गेलें नाहीं तर त्याहून वाईट परिणाम होतो. मुळांनाहि श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा असावी लागते. त्या पोकळ्या पाण्यानें भरल्या म्हणजे मुळें गुदमरतात व कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढतां येत नाहीं, त्यामुळें झाड तहानलेल्या झाडासारखेंच मान टाकतें. तें पाहून घरांतील कोणी दयाळूपणें आणखी एक तांब्या ओततें. कोंकणांत जितकीं झाडें तहानेनें मरतात, त्यांहून अधिक अशा दयेनें मरतात, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

कुंडीच्या तळाला भोंक असावें हें सर्वजण जाणतात. पण पाण्याचा निचरा केवळ भोंकानें होत नाहीं. भांडीं घासण्याचा स्पंज पाण्यांत पुरता भिजवून तळहातावर आडवा धरावा. ठिबकणें थांबलें म्हणजे तोच स्पंज उभा करावा. पुन्हां पाणी गळूं लागतें. स्पंज तोच, पाणीहि तेंच, बदलली ती उंची. मातीचेंहि असेंच असतें. बारीक पोकळ्यांना चिकटून राहणाऱ्या पाण्याचा कांहीं बोटें उंचीचा थर तळाशीं नेहमींच राहतो, आणि एकाच प्रकारची माती असेल तर उथळ कुंडींत काय किंवा खोल कुंडींत काय, त्या थराची उंची सारखीच असते. खोल कुंडींत त्याच्यावर मुळांना पुष्कळ मोकळी माती मिळते. उथळ कुंडींत सगळीं मुळें त्या चिंब थरांतच सांपडतात. तळाशीं खापऱ्यांचा किंवा खडीचा जाड थर घालण्याची रीति सर्वत्र दिसते. तिनें उलटेंच घडतें. बारीक मातींतलें पाणी भरड खडींत सहजासहजीं उतरत नाहीं; तें खडीच्या वरच अडतें आणि चिंब थर मुळांच्या अधिक जवळ येतो. भोंकावर एक बांकदार खापरी उपडी ठेवावी, म्हणजे माती वाहून जात नाहीं, तेवढें पुरें. तुळशीवृंदावन उंच कां बांधतात, याचीं धार्मिक कारणें कांहींहि असोत. उंच मातीचा निचरा उत्तम होतो आणि पावसाळ्यांत वृंदावनांतील तुळस तगते, उथळ डब्यांतील पिवळी पडते, हा अनुभव मात्र घरोघरचा आहे.

पावसाळ्यांत कुंडी कोठें ठेवावी यालाहि महत्त्व आहे. कौलांच्या कडेवरून पडणाऱ्या पागोळ्यांखालीं ती कधींहि ठेवूं नये. त्या धारेनें माती उडते, मुळें उघडीं पडतात आणि कोंवळें रोप एका रात्रींत झोपतें. छपराच्या आंत हातभर सरकवून, दोन विटांवर उचलून ती ठेवावी, म्हणजे खालून हवा खेळते व भोंक चिखलानें बुजत नाहीं. तळाची बशी जूनमध्यें काढून ठेवावी. रात्रीं कंदील किंवा बॅटरी घेऊन एकदां फेरी मारावी. या दिवसांत गोगलगायी बाहेर पडतात आणि दोन पानांचीं रोपें सकाळपर्यंत नाहींशीं करतात. त्या हातानें वेंचणें हाच खात्रीचा उपाय होय.

मातीविषयीं इकडील लोकांना दूर जाण्याचें कारण नाहीं. खाचरांतील माती चिकण असते. ती एकटी भरली तर ओली असतां चिखल आणि वाळली असतां वीट होते. दोन भाग माती, एक भाग पुरतें कुजलेलें शेणखत आणि एक भाग भरड वाळू किंवा भाताचा तूस असें मिश्रण चांगलें. रायगड हा भाताचा मुलूख. गिरणीवर तूस सहज मिळतो. त्यानें माती भुसभुशीत होते आणि गॅलरीवर पडणारें वजनहि घटतें. वजनाचा विचार इमारतींत अवश्य करावा, कारण फूटभर तोंडाची भिजलेली कुंडी वीस किलोंच्या वर भरते. ती गजांच्या बाहेर टांगणें धोक्याचें आहे. आणखी एक गोष्ट या भागाला विशेष लागू आहे. शेजारचें पेण गणपतीच्या मूर्तींसाठीं प्रसिद्ध आहे, आणि शाडूच्या मूर्तीचें घरींच बादलींत विसर्जन करून ती माती कुंडींत घालण्याची चाल आतां अनेक घरीं पडली आहे. भावना चांगली आहे. परंतु शाडू अतिशय बारीक असते, ती पोकळ्या बुजविते. घमेलेंभर मिश्रणांत एक-दोन मुठींहून अधिक शाडू घालूं नये. निर्माल्यांतील फुलें-पानें मात्र वेगळीं कुजवून खत करावीं. प्लॅस्टरची मूर्ति असेल तर तिची माती कुंडींत मुळींच घालूं नये.

आतां वेळेचा हिशेब. दसरा इंग्रजी तारखेनें स्थिर नाहीं. २०२३ मध्यें तो २४ ऑक्टोबरला आला, २०२५ मध्यें २ ऑक्टोबरला. बावीस दिवसांचा हा फरक झेंडूला कळत नाहीं. तो पेरणाऱ्यानेंच लक्षांत घ्यावा लागतो. मोठ्या झेंडूला बीं पेरल्यापासून फुलें येण्यास दोन ते अडीच महिने लागतात. मखमल म्हणून ओळखला जाणारा लहान, तांबूस-पिवळा झेंडू आठ-दहा दिवस आधीं फुलतो. म्हणून दसऱ्यापासून ७५ दिवस मागें मोजावे. २ ऑक्टोबरच्या दसऱ्यासाठीं १९ जुलै, २४ ऑक्टोबरच्या दसऱ्यासाठीं १० ऑगस्ट असा दिवस निघतो. अधिक मास आड आला नाहीं तर हा दिवस आषाढाच्या वद्य पक्षांत, दिव्यांच्या अवसेच्या आधीं पडतो; पंचांग पाहणाऱ्या घरीं एवढी खूण पुरेशी आहे.

बीं उथळ पेटींत पातळ पेरावें, वर चिमूटभर चाळलेली माती भुरभुरावी आणि पेटी छपराखालीं, परंतु भरपूर उजेडांत ठेवावी. अंधारांतलें रोप घटाच्या अंकुरासारखें लांब व फिकें होतें, आणि तसलें रोप पुढें कधींच सावरत नाहीं. साधारण पंचविसाव्या दिवशीं, चारपांच पानें झाल्यावर, संध्याकाळच्या वेळीं एका फुटी कुंडींत मोठ्या झेंडूचें एक किंवा मखमलीचीं तीन रोपें लावावीं. आणखी दोन आठवड्यांनीं मधला शेंडा नखानें खुडावा. शेंडा खुडतांना मन कचरतें खरें. पण त्यानेंच बगलेंतून फांद्या फुटतात आणि एका फुलाच्या जागीं आठ-दहा फुलें येतात. पावसानें धुऊन गेलेली शिदोरी दर पंधरा दिवसांनीं थोडी थोडी परत द्यावी. शेंगदाण्याची मूठभर पेंड बादलीभर पाण्यांत दोनतीन दिवस भिजत ठेवून, वरचें पाणी फिक्या चहाच्या रंगाइतकें पातळ करून घालावें. एकदम पुष्कळ खत घातलें तर पानें माजतात आणि फुलें रुसतात.

झेंडू इतका आपलासा झाला आहे कीं तो परदेशी आहे हें सांगूनहि खरें वाटत नाहीं. त्याचें मूळ स्थान मेक्सिको. युरोपीय लोक अमेरिकेंत पोंचल्यानंतरच तो समुद्रमार्गें इकडे आला. झिनिया आणि कॉसमॉस हींहि मेक्सिकोचींच, सदाफुली मादागास्करची, शेवंती चीनची. घरचा म्हणावा असा तेरडा. भाद्रपदांत कोंकणच्या डोंगरउतारांवर तो आपोआप फुलतो आणि गौरीच्या पूजेला त्याचा मान असतो. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ या म्हणीनें त्याची उगीच अपकीर्ति झाली आहे. एक फूल तीन दिवसच टिकतें हें खरें, पण झाड खोडाभर कळ्या धरतें. आणि दर पंधरा दिवसांनीं थोडें थोडें बीं पेरीत गेलें तर श्रावणापासून दिवाळीपर्यंत तेरडा कुंडींत रंग देत राहतो. म्हण फुलाविषयीं आहे. बाग करणाऱ्यानें फुलांच्या रांगेचा विचार करावा. कुरडूचा बागेंतला सोयरा कोंबडा, याचा किरमिजी तुरा तर महिनाभरहि उतरत नाहीं.

शेवंतीची गोष्ट अगदीं निराळी आहे, आणि ती समजण्यास वनस्पतिशास्त्राचा थोडा आधार घ्यावा लागतो. त्या शास्त्राशीं रोह्याचा एक संबंध आहे. ज्यांच्या घराण्याचें नांव रोह्याशीं निगडित आहे ते चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढें केंद्रीय अर्थमंत्री म्हणून गाजले. परंतु केंब्रिज येथें त्यांनीं १९१७ सालीं पारितोषिक मिळविलें तें वनस्पतिशास्त्राचें. त्यानंतर तीनच वर्षांनीं, १९२० सालीं, गार्नर आणि ॲलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं असें दाखवून दिलें कीं कांहीं झाडें फुलण्याची वेळ दिवसाच्या लांबीवरून ठरवितात. पुढें १९३८ सालीं हॅम्नर आणि बॉनर यांच्या प्रयोगांनीं हें स्पष्ट झालें कीं अशीं झाडें खरोखर मोजतात ती रात्र. आणि ती रात्र सलग अंधाराची असावी लागते. शेवंती याच जातीची आहे. रोह्याकडे जूनच्या अखेरीस दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. २३ सप्टेंबरनंतर तो रात्रीहून लहान होत जातो, आणि डिसेंबरांत अकरा तासांवर येतो. रात्र वाढत चालली हें शेवंतीला पानांतून कळतें, आणि ती पानें धरणें सोडून कळ्या धरूं लागते.

यावरून एका नित्याच्या तक्रारीचा उलगडा होतो. शेजारच्या घरची शेवंती बहरते आणि एखाद्या घरची नुसती पानांनीं माजते, तेव्हां दोष खताला किंवा नशिबाला दिला जातो. दोष बहुधा पडवींतल्या दिव्याचा असतो. रात्रभर जळणारा दिवा, किंवा गॅलरीसमोरचा रस्त्यावरील दिवा, शेवंतीच्या रात्रीचे तुकडे करतो. तिच्या लेखीं दिवस लहान झालेलाच नसतो. सप्टेंबरच्या आरंभापासून कळ्या चांगल्या वाढेपर्यंत तिची कुंडी अंधाऱ्या बाजूला ठेवावी. दिवाळींत आकाशकंदील रात्रभर लावावयाचा असेल तर तो तिच्यापासून दूर टांगावा. शेवंती बियांपेक्षां फुटव्यांपासून करणें सोपें. जुन्या झाडाच्या बुडाशीं आलेले फुटवे पावसाळ्याच्या आरंभीं वेगळे करून आडोशाला लावावे, शेंडे दोनतीन वेळां खुडावे, परंतु सप्टेंबरच्या मध्यानंतर खुडणें थांबवावें, नाहींतर खुडल्या जातात त्या कळ्याच. अशी शेवंती नोव्हेंबर-डिसेंबरांत फुलते, आणि झेंडूचा भर ओसरत असतां दाराशीं रंगाची गादी तीच चालविते.

शरदांत कुंड्यांची मांडणी बदलावी लागते, याचें कारण सूर्य आपली जागा बदलतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत माध्यान्हींचा सूर्य वरसे-रोह्याच्या डोक्याच्या किंचित् उत्तरेस असतो. म्हणून त्या दिवसांत उत्तरेच्या गॅलरीलाहि थोडें ऊन मिळतें. आश्विनापासून तो दक्षिणेकडे उतरतो. दक्षिणेच्या पडवींत ऊन आंतपर्यंत शिरूं लागतें आणि उत्तरेची गॅलरी सांवलींत जाते. आषाढांत जेथें रोप सुखी होतें तेथेंच तें आश्विनांत सुखी राहील, असें धरून चालूं नये. झेंडू, झिनिया, कोंबडा, सदाफुली यांना निदान पांच-सहा तास ऊन पाहिजे. हीं दक्षिणेला किंवा पूर्वेला न्यावीं. अबोलीला आणि तेरड्याला अर्धी सांवली मानवते. जेथें ऊन पोंचतच नाहीं तेथें फुलांचा हट्ट सोडून कोलियसचीं रंगीत पानें लावावीं. क्रोटनला मात्र थोडें ऊन लागतें, त्यावांचून त्याचे तांबडे-पिवळे रंग फिके पडतात. विलायती शरदांत पानें गळतांना रंगतात. येथें हीं झाडें पानें न गाळतां तो रंग बारमास देतात.

रंगांची जुळणी करतांना फार जाती एकत्र करूं नयेत. गजांवर गोकर्णीचा वेल चढवावा. त्याच्या गडद निळ्या फुलांपुढें नारिंगी झेंडू जितका उठून दिसतो तितका दुसऱ्या कशापुढेंहि दिसत नाहीं. झेंडूच्या पुढें बुटकी मखमल, आणि पायरीच्या दोन्ही अंगांना पांढरी सदाफुली ठेवली म्हणजे संध्याकाळच्या अंधुक उजेडांतहि दार उजळलेलें वाटतें. सदाफुलीचीं मुळें पावसाळी ओलीनें लवकर कुजतात, म्हणून ती पाऊस ओसरल्यावरच मोठ्या कुंडींत हलवावी. पुढच्या कोरड्या दिवसांत मात्र तिच्याइतकें सोशीक झाड नाहीं.

पाऊस परतला कीं चित्र एकाएकीं उलटें होतें. चार महिने जादा पाण्यापासून जपलेल्या कुंडीला ऑक्टोबरच्या उकाड्यांत पाणी पुरत नाहींसें होतें. मातीच्या कुंडीच्या अंगांतून पाणी पाझरून उडतें. त्यानें मुळें थंड राहतात, परंतु माती लवकर वाळते. प्लॅस्टिकच्या कुंडींत ओल अधिक टिकते, पण उन्हांत तिचें अंग तापतें. दोन्हींना एकच नियम लावावा. बोट दोन पेरांपर्यंत मातींत खुपसावें. तेथें कोरडें लागलें तर सकाळीं खालच्या भोंकांतून निथळेपर्यंत पाणी घालावें, ओल लागली तर झारी परत न्यावी. वरवर शिंपडलेल्या घोटभर पाण्यानें मुळें वरच राहतात आणि दुपारीं पोळतात. मातीवर वाळलेल्या पानांचें किंवा काथ्याचें आच्छादन घातलें तर एक वेळचें पाणी वांचतें. याच दिवसांत झेंडूच्या पानांच्या पाठीवर बारीक लाल कोळी पडतात व पानें निस्तेज होतात. पानांच्या खालच्या अंगाला पाण्याचा जोरदार फवारा तीनचार दिवस लागोपाठ दिला तर ते आटोक्यांत राहतात.

आणखी एक सावधगिरी प्रत्येक घरानें घेतलीच पाहिजे. पाऊस सरल्यावर फरशी खराब होऊं नये म्हणून कुंड्यांखालीं पुन्हां बशा येतात, आणि बशींतील स्वच्छ, सांचलेलें पाणी हें डेंग्यू पसरविणाऱ्या डासाचें आवडतें ठिकाण आहे. अंड्यापासून उडणारा डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यांतून एक वार ठरवून सर्व बशा उलट्या कराव्या, घांसून कोरड्या कराव्या. फुलांच्या नादांत घरांत ताप शिरला तर तो रंग फार महाग पडतो.

कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीचीं लग्नें होतात. त्यापूर्वीं महिनाभर तुळशीच्या मंजिऱ्या खुडीत राहिलें तर ती ऐन मुहूर्ताला पानांनीं भरलेली असते. मंजिरी पिकूं दिली तर झाड आपलें काम संपलें असें समजून वठूं लागतें. लग्न लागल्यावर मात्र दोन फांद्यांवरच्या मंजिऱ्या बियांसाठीं ठेवाव्या. तोरणांतला झेंडूहि सगळा फेंकून देऊं नये. झाडावरच पुरतीं वाळूं दिलेलीं, घरच्या देशी जातीचीं चार टपोरीं फुलें निवडावीं, बीं सुटें करून सांवलींत सुकवावें आणि कागदाच्या पुडींत थोड्या राखेसह ठेवावें. बाजारांतील संकरित बियांच्या झाडांचें बीं मात्र आईसारखें फूल देत नाहीं, म्हणून तें राखण्याचा खटाटोप करूं नये. तेरड्याची बोंडें पिकून फुगलीं म्हणजे फुटण्यापूर्वींच मुठींत धरून काढावीं. एक क्षण उशीर झाला कीं बीं अंगणभर उधळतें.

पुडीवर फुलाचें नांव, रंग आणि पेरल्याची तिथि लिहून ती देवघराच्या फडताळांत ठेवावी. उन्हाळ्यांत रिकाम्या झालेल्या कुंडींतील माती पसरून उन्हांत तापवावी, चाळावी, तींत नवें शेणखत मिसळावें. त्यांतली दोन ओंजळ माती वेगळी काढावी. पुन्हां आश्विन येईल, परडी बाहेर निघेल, आणि घटाखालीं पसरावयाला माती कोठून आणावी हा प्रश्न त्या घरापुढें उरणार नाहीं.